विद्यापीठांचे कलासंग्रह : ठेव की मालमत्ता?

विद्यापीठाच्या भिंतींवर टांगलेली चित्रे ही विद्यापीठाची मालमत्ता असते की विद्यापीठाकडे विश्वासाने सोपविलेली ठेव, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या वादाचा वाटतो. परंतु अमेरिकेत बॉस्टनजवळ असलेल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २००९ सालच्या जानेवारीत तो चव्हाट्यावर आणला आणि तेव्हापासून जगातील विद्यापीठांना तो टाळता आलेला नाही. मंदीच्या लाटेत विद्यापीठाची गंगाजळी आटली, नेहमीच्या देणगीदारांचे हात आखडले, अंदाजपत्रकाला भगदाड पडले. तेव्हा विश्वस्तांनी एकमताने असा ठराव केला, की विद्यापीठाचे रोझ कला संग्रहालय बंद करावे आणि त्यातील चित्रे विकून पैसा उभारावा. संग्रहाची किंमत तेव्हा पस्तीस कोटी डॉलरच्या घरात आहे असे बोलले जात होते. घरात सोने असताना उपाशी का राहावे, असा हा सरळ व्यवहार होता. तरीही त्यावर एवढे काहूर उठले, की विद्यापीठाला अखेर पाऊल मागे घ्यावे लागले.

ते काहूर का उठले, हे समजून घेण्यासाठी तो संग्रह कसा जमला हे पाहावे लागेल. रोझ संग्रहालयाची स्थापना १९६१ सालची. त्याचे पहिले संचालक सॅम हंटर यांच्या हाती एका देणगीदार दांपत्याने पन्नास हजार डॉलर दिले होते. हंटर यांनी स्वतःला बंधन घालून घेतले, की एका कलाकृतीसाठी पाच हजारांहून अधिक मोजायचे नाहीत. या बंधनामुळे कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेले चित्रकार आपोआप वगळले गेले आणि त्यांना तरुण, वादग्रस्त, अजून बाजाराने न स्वीकारलेल्या कलावंतांकडे वळावे लागले. जॅस्पर जॉन्स, रॉबर्ट राउशेनबर्ग, रॉय लिक्टेनस्टाइन, अँडी वॉरहॉल ही नावे त्या वेळी घरोघरी झालेली नव्हती. पन्नास हजारांत एकवीस कलाकृती आल्या. अर्धशतकानंतर ज्या संपत्तीकडे विश्वस्तांचे डोळे लागले, ती संपत्ती पैशाने निर्माण केलेली नव्हती. ती एका जाणत्या माणसाच्या नजरेने आणि त्या नजरेवर विसंबण्याच्या विद्यापीठाच्या धैर्याने निर्माण झाली होती. बाजाराने पुढे तिच्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवली, इतकेच.

ठरावाविरुद्ध विद्यार्थी उठले, प्राध्यापक उठले, इतर संग्रहालयांचे संचालक उठले. संग्रहालयाच्या सल्लागार मंडळातील काही सदस्यांनी न्यायालयात धाव घेतली. अडीच वर्षे हे प्रकरण चालले. जून २०११ मध्ये तडजोड झाली आणि रोझ हे जनतेला खुले असलेले विद्यापीठीय संग्रहालय म्हणून यापुढेही राहील, कलाकृती विकण्याचा विद्यापीठाचा इरादा नाही, असे जाहीर करण्यात आले. रोझ वाचले, पण सर्वांचेच नशीब तसे नव्हते. व्हर्जिनिया राज्यातील रँडॉल्फ महाविद्यालयाजवळ जॉर्ज बेलोज यांचे ‘मेन ऑफ द डॉक्स’ हे १९१२ सालचे प्रसिद्ध चित्र होते. १९२० साली तेथील विद्यार्थिनींनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून ते घेतले होते. २०१४ साली महाविद्यालयाने ते लंडनच्या नॅशनल गॅलरीला दोन कोटी पंचावन्न लाख डॉलरला विकले. चित्र चांगल्या ठिकाणी गेले, हे खरे. लंडनमध्ये ते अधिक लोक पाहतील, हेही खरे. पण ज्या मुलींनी आपल्या खर्चाच्या पैशांतून वर्गणी दिली, त्यांनी ती महाविद्यालयाच्या गंगाजळीसाठी दिली नव्हती. २०२३ मध्ये इंडियाना राज्यातील व्हॅल्परायझो विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांची दुरुस्ती करण्यासाठी जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रासह तीन चित्रे विकण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा हा रोग जुनाट झाला असल्याचे स्पष्ट झाले.

विक्री करू पाहणाऱ्यांची बाजू हास्यास्पद ठरवून भागणार नाही. विद्यापीठाचे पहिले कर्तव्य शिकवणे हे आहे. अध्यापकांचे वेतन थकले असताना, प्रयोगशाळेत उपकरणे नसताना, गरीब विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद पडत असताना भिंतीवर कोट्यवधींचे चित्र टांगून ठेवणे नैतिक आहे काय, असा प्रश्न एखाद्या कुलगुरूने विचारला तर त्याला अरसिक म्हणून झिडकारता येत नाही. तथापि याच न्यायाने ग्रंथालयातील दुर्मीळ हस्तलिखितेही विकता येतील, वनस्पतिशास्त्र विभागाच्या बागेची जमीनही विकता येईल. तेथे कोणी तसे सुचवीत नाही, कारण ग्रंथालय आणि बाग ही शिक्षणाची साधने आहेत हे सर्वांना पटलेले असते. संग्रहालयाबद्दल मात्र ते पटलेले नसते. म्हणजे प्रश्न किमतीचा नसून उपयोगाचा आहे. ज्या संग्रहालयात विद्यार्थी चार वर्षांत एकदाही पाऊल टाकत नाही, ज्याची दालने शहरातील माणसाला ठाऊक नाहीत, ते विकावे असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा संग्रहालयाचा बचाव न्यायालय फार काळ करू शकत नाही. त्याचा खरा बचाव प्रदर्शनांनी, व्याख्यानांनी, शाळकरी मुलांच्या रांगांनी होतो. ठेव ही वापरली तरच ठेव राहते. न वापरलेल्या ठेवीची मालमत्ता होते आणि मालमत्तेला आज ना उद्या गिऱ्हाईक भेटते.

विद्यापीठाचे संग्रहालय विद्वानांसाठी की सर्वांसाठी, हा वादही काही आजचा नव्हे. इलायस ॲशमोल यांच्या देणगीतून ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडले, तेव्हापासून तेथे प्रवेशमूल्य भरणाऱ्या कोणालाही प्रवेश होता. १७१० साली झकारियस फॉन उफेनबाख हे जर्मन विद्वान ते पाहण्यास गेले, तो बाजाराचा दिवस निघाला. खेडवळ स्त्री-पुरुष दालनांत गर्दी करून वस्तू हाताळीत होते, सहा पेन्स दिले की बायकांनाही आत सोडतात आणि त्या कोणाचे ऐकत नाहीत, अशी तक्रार त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली. उफेनबाख यांची चीड समजण्याजोगी होती. वस्तूंची नासधूस कोणाही अभ्यासकाला सहन होणार नाही. पण तीनशे वर्षांनंतर मागे वळून पाहता, त्या बाजारकरू बायकांनीच ॲशमोलियनला तारले असे म्हणावे लागते. आज ते संग्रहालय विनामूल्य आहे. विद्यापीठाच्या भिंतींबाहेरचा समाज ज्या संस्थेला आपली मानतो, तिच्यावर हातोडा मारणे सत्ताधाऱ्यांना जड जाते.

उपयोग म्हणजे केवळ गर्दी, असाही याचा अर्थ नव्हे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर संग्रहालयविद्येचा अभ्यासक्रम चालविला. त्यांचा भर पुस्तकावर नसून वस्तूवर होता: चित्र समोर ठेवायचे, पालथे करायचे, कागद कसला, रंग कोणता, दुरुस्ती कोठे झाली हे डोळ्यांनी ओळखायचे. त्या वर्गातून अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांचे अनेक संचालक बाहेर पडले. हार्वर्डमध्ये आजही अभ्यासकक्षाची सोय आहे. आगाऊ वेळ ठरवून गेलेल्या सामान्य नागरिकासमोरही मागितलेले चित्र कोठारातून आणून ठेवले जाते. २०२३ पासून तेथील प्रवेशही सर्वांना विनामूल्य झाला आहे. ओहायओ राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयाने तर याहून पुढचे पाऊल १९४० सालीच टाकले. कलेतिहासाच्या अध्यापिका एलन जॉन्सन यांनी तेथे अस्सल चित्रे विद्यार्थ्यांना अल्प भाड्याने देण्याची प्रथा सुरू केली. अनेक वर्षे हे भाडे सत्राला पाच डॉलर एवढेच होते. हवे ते चित्र मिळावे म्हणून विद्यार्थी आदल्या रात्री संग्रहालयाबाहेर मुक्काम ठोकतात आणि सत्रभर ते चित्र आपल्या खोलीत लावतात. ही कल्पना आपल्याकडील एखाद्या कुलसचिवाला सांगितली तर त्याला रात्री झोप लागणार नाही. पण जे चित्र सकाळी उठल्यावर दिसते आणि अभ्यास करताना नजरेला पडते, ते चित्र माणसाला जन्मभर पुरते, हे ओबर्लिनने ओळखले होते.

भारताची परंपरा याबाबतीत दरिद्री नाही. दरिद्री आहे ती आजची व्यवस्था. विद्यापीठाने जनतेसाठी चालविलेले देशातील पहिले संग्रहालय म्हणजे कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय. ते १९३७ साली उघडले आणि त्याला सर आशुतोष मुखर्जी यांचे नाव देण्यात आले. त्या काळी संग्रहालय म्हणजे राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि पाषाणमूर्ती, असा समज होता. आशुतोष संग्रहालयाने पाल-सेन काळातील मूर्ती तर जमविल्याच. पण त्यांच्या जोडीला कालीघाटची पटचित्रे आणि खेड्यातील बायकांनी जुन्या साड्यांचे पदर एकावर एक ठेवून शिवलेल्या कांथाही मानाने मांडल्या. जी वस्तू घरात अंथरली-पांघरली जाई, ती विद्यापीठाच्या दालनात काचेआड गेली. यामागे केवळ हौस नव्हती, तर बंगालच्या संस्कृतीचे धनी कोण याविषयीचे एक स्पष्ट मत होते. त्याच संग्रहालयाने पुढे चंद्रकेतुगढ येथे उत्खनन केले आणि गंगेच्या मुखाजवळच्या एका प्राचीन नगराची ओळख जगाला करून दिली. संग्रह, संशोधन आणि अध्यापन ही तिन्ही कामे एका छपराखाली कशी नांदू शकतात याचा तो वस्तुपाठ होता.

काशीची कथा याहून अधिक हृद्य आहे. राय कृष्णदास या रसिक साहित्यिकाने १९२० साली आपल्या संग्रहातून एक कलापरिषद उभी केली. रवींद्रनाथ ठाकूर तिचे अध्यक्ष होते. पुढे नागरी प्रचारिणी सभेच्या आश्रयाला राहून १९५० साली हा संग्रह बनारस हिंदू विद्यापीठात आला आणि ‘भारत कला भवन’ या नावाने देशभर ओळखला गेला. पंडित नेहरूंनी त्याच्या नव्या वास्तूची कोनशिला बसविली आणि १९६२ साली ती वास्तू खुली झाली. मोगल आणि राजस्थानी लघुचित्रे, गुप्तकालीन शिल्पे, बनारसी वस्त्रे, नाणी, हस्तलिखिते अशा सुमारे एक लाख वस्तू तेथे आहेत. गोवर्धन उचलणारा तेथील गुप्तकालीन कृष्ण ज्याने पाहिला, त्याला भारतीय शिल्पाविषयी वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही. एका व्यक्तीने आपले सर्वस्व विद्यापीठाच्या ओटीत घातले, ते या विश्वासाने, की विद्यापीठ ही राजवाड्यापेक्षा आणि सरकारी कचेरीपेक्षा अधिक टिकाऊ आणि अधिक उदार संस्था आहे. हा विश्वास हीच खरी ठेव होय.

या ठेवीचे आपण काय केले? आपल्याकडे हातोड्याची भीती नाही. पुरावस्तू आणि कलामूल्यवान वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीला आणि व्यापाराला लगाम घालतो आणि कोणताही कुलगुरू मूर्ती विकून वसतिगृह बांधण्याचा विचार उघडपणे बोलून दाखविणार नाही. आपल्याकडील संकट हातोड्याचे नसून कुलपाचे आहे. अनेक विद्यापीठांत आणि जुन्या महाविद्यालयांत संग्रह आहेत. पण अभिरक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिक्त आहे. दालन उघडण्याच्या वेळा कचेरीच्या वेळा आहेत, म्हणजे नोकरदार माणूस मोकळा असतो तेव्हा संग्रहालयाला सुट्टी असते. किल्ली एका कर्मचाऱ्याकडे असते आणि तो कर्मचारी रजेवर असतो. शिक्षण खात्याच्या दृष्टीने संग्रहालय हे संस्कृतीचे काम. संस्कृती खात्याच्या दृष्टीने ते विद्यापीठाचे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या संस्थांसाठीच जन्माला आली असावी.

कुलूप हे सुरक्षिततेचे चिन्ह आहे, ही समजूत तर सर्वांत घातक होय. बंद कोठारात कसर लागते, वाळवी शिरते, पावसाळ्यात कागदावर बुरशी चढते आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या वस्तूची नोंदवहीत नोंद नाही आणि जिचे छायाचित्र काढलेले नाही, ती नाहीशी झाली तर चोरी झाली असे सिद्धसुद्धा करता येत नाही. प्रदर्शन हे या रोगावरील औषध आहे. प्रदर्शन भरवायचे म्हटले की वस्तू बाहेर काढावी लागते, तिची स्थिती पाहावी लागते, फाटलेले सांधावे लागते, ती कोणाची, केव्हाची, कोठून आली हे शोधून लिहावे लागते. ज्या संग्रहातून दर वर्षी चार प्रदर्शने निघतात, त्याची तपासणी दर वर्षी चार वेळा होते. लेखापरीक्षकाला जे साधत नाही, ते एक चांगले प्रदर्शन साधून जाते.

याला एक शास्त्रीय बाजूही आहे. लघुचित्रे, जलरंग, हस्तलिखिते आणि वस्त्रे यांना प्रकाश सोसत नाही. पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे मंद दिव्याएवढ्या उजेडात ती काही महिने मांडावीत आणि नंतर दीर्घकाळ अंधारात विश्रांतीला ठेवावीत, असा संग्रहालयशास्त्राचा दंडक आहे. जे चित्र वीस वर्षे एकाच खिळ्याला खिडकीसमोर टांगले आहे, ते दररोज थोडे थोडे मरत असते. म्हणून बदलती प्रदर्शने ही श्रीमंत संस्थांची चैन नव्हे. कागदावरील कलेचा संग्रह ज्यांच्याजवळ आहे त्यांच्यावर ती वस्तूंच्या प्रकृतीनेच सोपविलेली जबाबदारी आहे. एकच दालन असले तरी चालेल. पण त्यातील चित्रे ऋतूंप्रमाणे बदलली पाहिजेत. मग तेच दालन पुन्हा पाहण्यास शहरातील माणसाला कारण मिळते.

कुलूप नेहमी आळसानेच लागते असेही नाही. ते भीतीनेही लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रह्मण्यन अशा शिक्षकांनी ती घडविली. तेथील कला-मेळ्यात विद्यार्थी आणि शिक्षक मिळून खेळणी, बाहुल्या, मुखवटे बनवीत आणि शहरातील कुटुंबे ती विकत घेण्यास लोटत. विद्यापीठाने समाजासाठी करावयाच्या कार्यक्रमाचा याहून प्रसन्न नमुना देशात क्वचितच सापडेल. त्याच शाखेत मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या कलाकृतींवरून बाहेरचे लोक आत घुसले आणि एका विद्यार्थ्याला अटक झाली. विद्यापीठ त्याच्या पाठीशी उभे राहिले नाही. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी भारतीय कलेतील शृंगारपरंपरेच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा ते बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांनाच निलंबित करण्यात आले. त्या प्रदर्शनातील शिल्पे शेकडो वर्षांपूर्वीची आणि मंदिरांच्या भिंतींवरची होती, याचा विचार करण्याइतकी उसंत कोणाला नव्हती. आक्षेप घेण्याचा अधिकार नागरिकाला आहे. लिहावे, बोलावे, न्यायालयात जावे. परंतु दालनात काय मांडायचे याचा निर्णय दाराबाहेरच्या जमावाने घ्यावा आणि विद्यापीठाने त्यावर शिक्का उमटवावा, असे झाले की अभिरक्षक पुढच्या वेळी वादाची वस्तू बाहेर काढतच नाही. भीतीने लावलेले कुलूप दिसत नाही, म्हणून ते उघडणे अधिक कठीण असते.

महाराष्ट्राला या सर्व प्रश्नांचा विचार करण्यास आज विशेष कारण आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाला, वास्तुकला आणि उपयोजित कला या त्याच्या भावंडांसह, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. या संस्थेच्या भिंतींआड दीड शतकाचा कलेतिहास आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून तेथे एकेचाळीस वर्षे घालविली आणि त्या वर्षांचे आत्मवृत्त मराठीत लिहून ठेवले. अशा पिढ्यान्‌पिढ्यांचे काम, पारितोषिकप्राप्त चित्रे, अभ्यासचित्रे, शिल्पे ही त्या संस्थेची कमाई आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ज्या आवारात झाला, तेथील अधिष्ठात्यांच्या बंगल्यात संग्रहालय व्हावे, असे प्रस्ताव वेळोवेळी पुढे आले आहेत. विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर नवे अभ्यासक्रम येतील, नव्या पदव्या येतील, नवी पदे येतील. या नव्या घडीत संग्रहालयाला जागा आहे की नाही, यावरून या विद्यापीठाला आपला इतिहास अडगळ वाटतो की अध्यापनाचे साधन, हे ठरेल.

या संस्थेच्या इतिहासातच एक इशारा आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. लेण्यांतील अंधार, उकाडा आणि वटवाघळे यांना तोंड देत त्या तरुणांनी हे काम केले. भारतीय कलाशिक्षणातील तो पहिला मोठा सामूहिक उपक्रम म्हणावा लागेल. त्या प्रती लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील कित्येक जळून गेल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या होत्या. उरलेल्या प्रती आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. दरम्यान अजिंठ्याच्या मूळ भिंतींवरील रंग आणखी झिजले, त्यामुळे या प्रतींना मुळाच्या साक्षीदाराचे मोल आले. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम पाहण्यासाठी मुंबईच्या विद्यार्थ्याला समुद्र ओलांडावा लागावा, याला त्या काळी परकी सत्ता जबाबदार होती. आज जे काम येथेच आहे, तेही त्याला पाहावयास मिळणार नसेल तर दोष कोणाला द्यायचा?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरणही विचार करण्याजोगे आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमविलेला मराठ्यांच्या इतिहासाचा संग्रह १९३९ साली या संस्थेकडे आला. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे, इनामगाव येथे केलेल्या उत्खननांतून महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचे जीवन उजेडात आले. इनामगावला मातीच्या एका झाकणाच्या पेटीत ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली, तिच्यासोबत बैल होता आणि त्या मूर्तीला डोके नव्हते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठी राहणाऱ्या माणसाच्या श्रद्धेचा हा पुरावा पुणे जिल्ह्यातील किती शाळकरी मुलांनी पाहिला आहे? सोसायटीच्या गणपतीची आरास पाहण्यासाठी रात्र-रात्र रांगेत उभे राहणारे पुणे रसिक नाही, असे कोणी म्हणणार नाही. त्याला बोलावणे गेलेले नाही, इतकेच.

करावयाचे काय, याचे उत्तर अवघड नाही आणि फार खर्चाचेही नाही. पहिली गोष्ट नोंदीची. विद्यापीठांनी आपल्या संग्रहाची छायाचित्रांसह सूची करून ती सर्वांना पाहण्यास खुली करावी; लोकांच्या नजरेइतका चांगला पहारेकरी नाही. दुसरी गोष्ट वेळेची. शनिवारी आणि रविवारी दार उघडे असावे आणि सुट्टी हवी तर ती सोमवारी घ्यावी. तिसरी गोष्ट भाषेची. वस्तूखालच्या चिठ्ठीवर शतक आणि शैली लिहून भागत नाही. ही वस्तू कोणी, कशासाठी केली आणि आज ती का पाहावी, हे चार सरळ मराठी वाक्यांत सांगितले पाहिजे. चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. इतिहासाच्या, कलेच्या, रसायनशास्त्राच्याही विद्यार्थ्यांना प्रदर्शनाचे काम अभ्यासाचा भाग म्हणून द्यावे. रंगद्रव्य ओळखण्यास रसायनशास्त्र लागते, कागद टिकवण्यास जीवशास्त्र लागते आणि पाहुण्याला समजावून सांगण्यास भाषा लागते. एखादे चित्र शाळेतील मुलांना समजावून सांगण्याची पाळी ज्या विद्यार्थ्यावर येते, त्याला ते परीक्षेपुरते पाठ करून चालत नाही. पाचवी गोष्ट प्रवासाची. मुंबई-पुण्याच्या कोठारांतील प्रती आणि टिकाऊ वस्तू जिल्ह्यांच्या महाविद्यालयांत फिरल्या पाहिजेत. औंधसारख्या लहानशा संस्थानात १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधी टेकडीवर संग्रहालय बांधू शकले, तर आज विद्यापीठांना एक मोटार आणि दोन जाणती माणसे तालुक्याच्या गावी पाठविणे अशक्य नाही.

या सर्वांच्या मुळाशी अभिरक्षकाचे पद आहे. ते न भरता संग्रहालये सुधारण्याच्या गोष्टी करणे म्हणजे पुजाऱ्यावाचून देवळाचा जीर्णोद्धार करण्यासारखे आहे. सॅम हंटर यांच्याजवळ पन्नास हजार डॉलर होते म्हणून रोझ संग्रहालय उभे राहिले नाही. राय कृष्णदासांजवळ पैसा होता म्हणून भारत कला भवन उभे राहिले नाही. दोन्ही ठिकाणी पाहणारा डोळा होता आणि त्या डोळ्यावर भरवसा ठेवणारे विद्यापीठ होते. इमारतीला निधी मिळतो, उद्‌घाटनाला मंत्री मिळतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. परंतु दालनाचे दार रोज सकाळी उघडणाऱ्या जाणत्या माणसाचे वेतन कोणत्या रकान्यात दाखवायचे, यावर फाइल अडते.

विद्यापीठांचे पैसे संपत आहेत आणि पुढेही संपतील. ज्या दिवशी शहरातील भूखंडाची किंमत संग्रहालयाच्या उपयोगापेक्षा मोठी दिसू लागेल, त्या दिवशी आपल्याकडेही कोणी तरी ब्रँडाइसच्या विश्वस्तांचे गणित मांडील. चित्र विकणे कायद्याने जमणार नसेल, तर दालन दुसऱ्या कामाला लावणे जमेल. त्या दिवशी संग्रहालयाच्या बाजूने कोण बोलेल? ज्यांनी ते पाहिले आहे तेच बोलतील. ते आज किती आहेत, याचा हिशेब प्रत्येक विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने मांडावा आणि तो आकडा लाजिरवाणा असेल तर आधी कुलूप काढावे.